नमुना सही जुळत नाही

बँकेच्या नोकरीत मी माणसांचे चेहरे कमी पाहिले, सह्या जास्त पाहिल्या. वर्षानुवर्षं परक्यांच्या सह्या पडताळत बसलं की नजरेला एक खोड लागते. एखाद्या अक्षराची शेपटी रोजच्यापेक्षा आखूड झाली, आडनावाखालची रेघ थरथरली, की हात आपोआप नमुना सह्यांच्या पेटीकडे जातो. कादंबऱ्या लिहिताना ही खोड उपयोगी पडत असेल, असं मित्र म्हणतात. पडत असेलही. पण बँकेत असताना तिच्यापायी एका माणसाचं मी चांगलंच नुकसान केलं.

साल १९९६. परभणीतली आमची शाखा तेव्हा संगणकाविना चालत होती. दसरा तोंडावर आला होता. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी मानवत-सेलूचे जिनिंगवाले आपली यंत्रं दुरुस्त करून घेतात, ती घाई चालू होती. अशा दिवसांत एका छोट्या वर्कशॉपवाल्याने जालन्याच्या लोखंड व्यापाऱ्याला दिलेला चेक वसुलीसाठी माझ्या टेबलावर आला. खात्यात पैसे होते. सही मात्र जुळेना. कार्डावरची सही ठसठशीत, एका दमात केलेली. चेकवरची तुटक, मध्येच पेन उचललेलं, शेवटचं अक्षर घसरलेलं. मी शिरस्त्याप्रमाणे मेमो लावला, 'सही जुळत नाही', आणि चेक परत पाठवला. पंधरवड्याने दुसरा आला, तोही परत गेला. तिसऱ्या खेपेला चेक नाही, तो स्वतःच आला.

"सही माझीच आहे साहेब," तो म्हणाला. "बोटं वळंनात."

आणि त्याने उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. अंगठा आणि पहिली दोन बोटं फडक्याच्या चिंध्यांनी बांधलेली. पेरांवर उभ्या चिरा, त्यांतल्या एक-दोन ओल्या. बोटांच्या बेचक्यांत लाल, सोललेलं कातडं. तळव्याची साल वाळल्या पापुद्र्यासारखी निघत होती. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या. मी माझा हात मागे घेतला, हे सांगितलंच पाहिजे. त्याने पुढे केलेला कागद मी कोपऱ्याला धरून उचलला. त्याच्या ते लक्षात आलं. "लागत नाही साहेब हे कुणाला," तो म्हणाला. "घरात लेकरं आहेत, त्यांना नाही लागलं."

वरमण्यासारखं आणखी एक होतं. हा माणूस माझ्याच हातचा कर्जदार होता.

पंतप्रधान रोजगार योजना २ ऑक्टोबर १९९३ ला सुरू झाली. शिकलेल्या बेकारांना धंद्यासाठी एक लाखापर्यंत कर्ज, त्यावर साडेसात हजारांच्या मर्यादेत अनुदान. जिल्हा उद्योग केंद्रातून अर्जांचे गठ्ठे यायचे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती (वेगळी झाली १९९९ ला), त्यामुळे गठ्ठाही मोठा. त्यात किराणा दुकानं, झेरॉक्सची यंत्रं आणि म्हशीच फार. आयटीआय झालेला एक टर्नर लेथ मागतो आहे, हे पाहून मला बरं वाटलं होतं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्या गावाला लोक हिणवतात. इथे काही तरी घडवायला निघालेला पोरगा भेटला म्हणून मी त्याचा प्रकल्प अहवाल स्वतः नीट करून घेतला. राजकोटचं जुनं लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट, लोखंड कापायची करवत. खर्चाच्या रकान्यांत लोखंड, वीज, भाडं, ऑईल व कूलंट, कॉटन वेस्ट, एका मदतनिसाची मजुरी. शेवटी यंत्राचा घसारा. तो मी माझ्या हाताने काढला होता, दरसाल दहा टक्क्यांनी. चालवणाऱ्याचे हात त्या अहवालात कुठेच नव्हते. असा रकाना कुणी केलेलाच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या शेडवर गेलो. आधीही दोनदा गेलो होतो, पण तेव्हा पाहणीला गेलो होतो. यंत्रावर बँकेच्या नावाची पाटी आहे ना, यंत्र चालू आहे ना, एवढं पाहून निघालो होतो. या वेळी स्टुलावर बसून काम पाहिलं. लेथच्या चकमध्ये पोलादी शाफ्ट गरगरत असतो, त्याला हत्यार टेकतं, आणि जिथे टेकतं तिथे धूर निघावा इतकी उष्णता होते. ती मारायला वरच्या नळीतून पांढऱ्या दुधासारख्या पाण्याची धार सोडलेली असते. हेच कूलंट. पाण्यात विरघळणाऱ्या तेलाचा डबा आणायचा, बादलीत ओतायचा, काठीने ढवळायचं. प्रमाण काय? "दुधासारखं दिसलं की झालं." ती धार शाफ्टवरून उडते, हातावर येते, बाहीत शिरते, खालच्या पत्र्याच्या ताटलीत जमते, गाळून पुन्हा नळीत जाते. माप घेताना तो शाफ्ट ओल्या बोटांनी पुसायचा. बोटं कॉटन वेस्टला पुसायचा, आणि त्या वेस्टमध्ये लोखंडाचा बारीक कीस अडकलेला. आटे पाडायचे असले तर ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं जळकं तेल. दिवस संपला की रॉकेलने हात धुवायचे, मग कपडे धुण्याच्या पावडरीने, आणि तरी काळं गेलं नाही तर चिमूटभर वाळू.

असं तो तीन वर्षं करत होता. त्याआधी आयटीआयची दोन.

आमच्याकडे हाताला काही उठलं की पहिला संशय बिब्ब्यावर जातो. बिब्बा उतला की कातडीचं काय होतं, हे मराठवाड्यात लहान पोरालाही माहीत असतं. त्यामुळे त्याच्या आईने पहिले सहा महिने बिब्ब्यावरचे उपाय केले, खोबरेल आणि तीळ लावले. दुसरा संशय गाजर गवतावर. हाही बिनबुडाचा नव्हे. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात, आणि त्याने अंगाला येणाऱ्या पुरळाबद्दल सत्तरच्या दशकात पुण्याच्या रुग्णांवरूनच लिहिलं गेलं. परभणीच्या बांधाबांधावर ते आहे. तिसरा संशय गजकर्णाचा. चौथा, दबक्या आवाजातला, महारोगाचा. या चारही संशयांवर मेडिकलवाल्याकडे एकच ट्यूब होती.

ती ट्यूब लावली की आठ दिवसांत खाज थांबे, लाली उतरे. त्यामुळे तिच्यावर त्याची श्रद्धा बसली होती. आत स्टेरॉइड होतं, बुरशी मारायचं औषध होतं, जंतू मारायचं औषध होतं. एकाच गोळीत तीन पक्षी. स्टेरॉइड आग दाबतं, कारण काढत नाही. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि पातळ कातडीवर तेच पाणी दुप्पट लागतं. अशा मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यातून सूट होती, ती केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढून घेतली. कागदावर काढून घेतली, असं म्हणू.

सरकारी दवाखान्याचे केसपेपर त्याने जपून ठेवले होते. मी बँकवाला, कागद दिसला की वाचतोच. नाव, वय, गाव, आणि 'व्यवसाय : शेती'. प्रत्येक कागदावर शेती. जिंतूर तालुक्यातल्या गावी बापाच्या नावावर दोन एकर जमीन होती, आणि केसपेपर फाडणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. आमच्या जिल्ह्यात टपाल वाटणाऱ्याचा, शिंप्याचा, मास्तरचा, सगळ्यांचा व्यवसाय कागदावर शेती असतो. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एकाची भर घाला, तू काम काय करतोस ते विचारा, असं त्याने त्यात सांगितलं. तीनशे वर्षांनी आमच्याकडे तो प्रश्न विचारला जातच होता. उत्तर मात्र आधीच छापल्यासारखं.

मला महिन्यातून एकदा कामासाठी नांदेडला जावं लागे. त्या खेपेला मी त्याला बरोबर घेतलं. परोपकार वगैरे नव्हता. त्याचे तीन हप्ते थकले होते, आणि माझ्या दोन मेमोंमुळे जालन्याची उधारी बंद होऊन त्याचा जिनिंगचा हंगाम बुडाला, हे मला कळून चुकलं होतं. तरी थकबाकीची नोटीस माझ्याच सहीने गेलेली. ती सही मात्र जुळणारी होती.

नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "सुट्टी घेतलीस की बरं वाटतं का?" तो म्हणाला, सुट्टी कधी घेतलीच नाही. मग जरा थांबून म्हणाला, "पण आता तीन आठवडे लोखंडच नाही, मशीन बंद आहे. चिरा भरत आल्यात." डॉक्टर हसले. निदान त्यांना मिळालं होतं. काम बंद पडलं की सुधारतं, सुरू झालं की उलटतं, ही या रोगाची सर्वांत सोपी खूण. माझ्या नाकारलेल्या चेकांनी ही तपासणी फुकटात करून दिली होती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी कूलंट बाटलीत भरून आणायला सांगितलं. त्यात कागदाची पट्टी बुडवली, ती हिरवट निळी झाली. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आंबट असतो. सामू पाचाच्या आसपास. कूलंट मुद्दाम आंबट नसलेलं, अल्कधर्मी ठेवतात, नऊच्या जवळपास. नाही तर लोखंड गंजेल आणि जंतू माजतील. म्हणजे जे लोखंडाला मानवतं ते कातडीला मानवत नाही. त्यात तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखी द्रव्यं असतात, ती कातडीतली चरबी धुऊन नेतात. दिवसाचे आठ तास हात अशा पाण्यात, वर किसाचे बारीक ओरखडे, आणि संध्याकाळी रॉकेल. "तुझी कातडी साबणाने घासलेल्या भांड्यासारखी झालीय," डॉक्टर म्हणाले. कोपरापर्यंतच्या पुटकुळ्या वेगळ्या. त्या जळक्या तेलाच्या. तेलाने केसांची मुळं बुजतात, तिथे दाणे येतात. एकाच हातावर दोन द्रवांचे दोन रोग होते, आणि आम्ही सगळे मिळून त्यांना गजकर्ण म्हणत होतो.

निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून मी या दुधाळ पाण्याच्या मागे लागलो. त्याची कुळकथा मोठी आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने कापणाऱ्या हत्यारावर पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तर कापण्याचा वेग तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवता आला. लोखंड गंजू नये म्हणून पाण्यात सोडा घातला. हाच तो टेलर, कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा. बँकेच्या प्रशिक्षणात त्याचं नाव आम्हाला आदराने शिकवलं होतं. पुढे सोड्याच्या जागी तेलाचं दुधाळ मिश्रण आलं, मग अर्धं कृत्रिम, मग तेलाचा थेंब नसलेलं पूर्ण कृत्रिम. प्रत्येक पायरीवर हत्यार अधिक टिकलं.

पाण्याशिवायचं, निव्वळ तेलही यंत्रांवर वापरतात, आणि त्याची गोष्ट अधिक काळी आहे. ती कापसाशी जोडलेली आहे म्हणून परभणीकरांनी ऐकावी. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये 'म्यूल' नावाच्या कताई यंत्रावरचे कामगार दिवसभर पुढे वाकून काम करत. चात्यांच्या तेलाचे शिंतोडे त्यांच्या जांघेवर उडत, कपडे भिजत. अशा कामगारांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी मांडलं. चिमण्या साफ करणाऱ्या पोरांना काजळीने हाच रोग होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. गिरण्यांत कोणतं तेल चालेल याचा नियम इंग्लंडात झाला १९५३ मध्ये. तोवर ती म्यूल यंत्रंच भंगारात निघायला लागली होती.

त्यानंतरचा एक खटला मला झोपू देत नाही. बर्मिंगहॅमकडच्या नट-बोल्टच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोक्स नावाचा टूल-सेटर होता. पंधराएक वर्षं तेलकट यंत्रांवर वाकून काम. त्याच कर्करोगाने तो १९६६ मध्ये गेला. विधवेने दावा लावला, १९६८ मध्ये ती जिंकली. कारखान्यात पूर्णवेळ डॉक्टर होता. त्याला धोका माहीत होता. कामगारांच्या तपासण्या केल्या, इशाऱ्याची पत्रकं वाटली तर घबराट होईल, म्हणून त्याने दोन्ही केलं नव्हतं. न्यायाधीशाने याची जबाबदारी मालकावर टाकली. मी तो निकाल वाचला आणि माझ्या टर्नरच्या खिशातून लोंबणारं तेलकट वेस्ट आठवलं. पँटच्या पुढच्या खिशात, दिवसभर.

सरसकट भीती घालणं माझ्या मनात नाही. कर्करोगाचा तो संबंध कच्च्या, नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलाशी आहे. आजची चांगली कटिंग ऑईलं तशी नसतात. जळकं इंजिन ऑईल मात्र आजही त्याच घरातलं आहे, आणि आमच्या प्रत्येक गॅरेजमध्ये ते फुकट मिळतं.

आपल्याकडे कायदा नव्हता असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांची यादी होती. शिसं, पारा, सिलिकोसिस यांच्या रांगेत खनिज तेलाने होणारे तेलाचे पुरळ आणि त्वचादाह स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. कलम ८९ प्रमाणे असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं, न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. किती डॉक्टरांना हे माहीत असेल, हा प्रश्न मी भेटेल त्या डॉक्टरला विचारत आलो. बहुतेकांनी मलाच विचारलं, कुठल्या कायद्यात? आणि कळवणार तरी काय? त्या कायद्याच्या लेखी वीज वापरणारा कारखाना म्हणजे दहा माणसांचा. माझ्या टर्नरच्या शेडमध्ये दोन माणसं. तो कारखाना नव्हता, तो स्वतः कामगार नव्हता, मालक होता. आणि केसपेपरवर तर शेतकरीच होता. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ती यादी आली, तेलाचा त्वचादाहही आला. कारखान्याचा उंबरठा मात्र दहावरून वीस माणसांवर गेला. परभणी, सेलू, गंगाखेडच्या रस्त्याकडेच्या किती शेडमध्ये वीस माणसं असतात?

आता हातमोज्यांविषयी. ऐकणारा प्रत्येक जण लगेच हेच म्हणतो, "मग हातमोजे घालायचे ना!" मीही म्हटलं होतं. कापडी मोजे घेऊन गेलो होतो त्याच्यासाठी, साहेबी उदारपणाने. त्याने ते हातात घेतले, बाजूला ठेवले आणि चालू लेथच्या चककडे बोट केलं. "यात मोजा अडकला साहेब, तर हात सोडत नाही हे." फिरत्या यंत्राजवळ मोजा घातला तर बोटांसकट हात आत ओढला जातो, म्हणून टर्नरला पहिल्याच दिवशी मोजे, अंगठी, लोंबती बाही यांची बंदी शिकवतात. शिवाय कापडी मोजा कूलंट शोषून घेतो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. मोजे चालतात ते यंत्र थांबल्यावर, टाकी साफ करताना, तेल ओतताना, तेही रबरी. भिंतीवरच्या सुरक्षा सप्ताहाच्या चित्रांत हे बारकावे नसतात.

मग उपाय काय? फार मोठा नाही, हीच खंत आहे. तेल मापाने घालायचं. त्याच्या डब्यावर वीस भाग पाण्याला एक भाग असं होतं, तो जवळजवळ दुप्पट घालत होता. आमच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि तेल मागे उरतं, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. तो कमी झालं की आणखी तेलच ओतायचा. ताटलीत साचलेला कीस रोज काढायचा. हात पुसायला स्वच्छ फडकं, एकदाच वापरायचं. रॉकेल बंद. साधा साबण, हात नीट कोरडे करणं, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलिन. खिशात वेस्ट ठेवायचं नाही. लेथला एक पत्र्याचा आडोसा त्याने स्वतःच ठोकला, शिंतोडे निम्म्यावर आले. डॉक्टरांच्या मलमाचा हात होताच, पण मोजून पंधरा दिवस. १९९७ च्या संक्रांतीला त्याने नव्या कार्डावर नमुना सही दिली. जुन्या सहीसारखी नव्हती. मी जुनं कार्ड रद्द केलं.

चेक परत गेल्याबद्दल मी त्याची माफी मागितली का? नाही मागितली. बँकेत अशी पद्धत नव्हती, आणि माझ्यातही तेवढं धैर्य नव्हतं. थकलेल्या हप्त्यांची फेररचना करून दिली. त्याला तो उपकार वाटला.

यावर्षी होळीनंतर मी परभणीला गेलो होतो. तो आता सत्तावन्न-अठ्ठावन्नचा. शेड तीच, लेथ दुसरं. हात बरे आहेत, पण अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की जुळत नाही. तीन-तीनदा पुसून ठेवावा लागतो, कधी बायकोला पाठवावं लागतं. "तुमच्या वेळी सही जुळत नव्हती, आता अंगठा जुळत नाही," तो हसून म्हणाला. कातडीच्या अशा दाहाने बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, ही आता डॉक्टरांच्या परिचयाची गोष्ट आहे. जिथे धान्य अंगठ्यावर मिळतं तिथे हा कातडीपुरता रोग राहत नाही.

त्याचा धाकटा मुलगाही आयटीआय झालेला. 'तपोवन'मध्ये बसून गेला, तो आधी वाळूजला आणि आता चाकणला, कंत्राटी ऑपरेटर. बापाने एका लेथवर दिवसभरात जेवढं केलं तेवढं तिथलं सीएनसी यंत्र चहाच्या सुट्टीत करतं. यंत्राला काचेचं दार आहे, आत कूलंटचा धबधबा. काम संपलं की दार उघडायचं, आतल्या धुक्याचा लोट तोंडावर घ्यायचा, निथळता भाग हाताने काढायचा, हवेच्या बंदुकीने फुंकायचा, पुढचा बसवायचा. थांबायला वेळ नसतो, दर पाळीचा आकडा भिंतीवर लावलेला असतो. सोमवारी सकाळी शेडमध्ये शिरलं की कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, असं तो सांगतो. रविवारी यंत्रं बंद असतात, टाकीतलं पाणी फिरत नाही, हवेशिवाय जगणारे जंतू त्यात माजतात. तो वास त्यांचा. ते मारायला टाकीत जंतुनाशक ओततात. त्यातली काही द्रव्यं फॉर्मल्डिहाइड सोडतात, काहींची नावं झोलिनोन अशी संपतात, आणि हीच कातडीला अॅलर्जी आणण्यात पुढे असतात. अॅलर्जीचं गणित दाहासारखं नसतं. दाह कमी पाण्याने कमी होतो. अॅलर्जी एकदा जडली की थेंबभरही पुरतो. ती ओळखायला पाठीवर औषधांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा चौथ्या दिवशी पाहावं लागतं. त्यासाठी पाळी बुडते, आणि कंत्राटी पोराची पाळी बुडली की त्याच्या जागी उभा राहायला गेटवर दुसरा असतो. धुकं छातीत जातं तो आणखी वेगळा विषय. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज इथे मोटारींची इंजिनं करणाऱ्या कारखान्यात २००३-०४ मध्ये याच धुक्याने कामगारांच्या फुप्फुसांना सूज आल्याचं पुढे चौकशीत निघालं.

होळीला मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्या लाल होत्या. रंगाने झालं, असं त्याने आईला सांगितलं. बाप काही बोलला नाही. रात्री त्याने मुलाचे हात दिव्याखाली धरले आणि विचारलं, "टाकीत काय घालतात रे तुमच्या?"

"माहीत नाही, पप्पा. डबा स्टोअरमध्ये असतो."

"डब्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठव."

फोटो पंधरा दिवसांनी आला, तोही अर्धा, घाईत काढलेला. बापाने तो माझ्याकडे धाडला. इंग्रजी बारीक अक्षर, आणि कोपऱ्यात लाल चौकटीत उद्‌गारचिन्ह. मी चष्मा लावून वाचला. त्वचेचा दाह होतो. त्वचेवर अॅलर्जी येऊ शकते. डोळ्यांना गंभीर जळजळ होते. दूषित कपडे धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत. यातलं एक अक्षर मराठीत नव्हतं, हिंदीतही नव्हतं. मी ते मराठीत केलं, खाली पाण्याचं प्रमाण, साबण, फडकं, मोजे कधी घालायचे आणि कधी नाही, असं सगळं लिहून पाठवलं. वर सवयीने लिहिलं होतं, 'कृपया पुढील सूचनांचे पालन करावे.'

त्याचा फोन आला. पोराला पाठवलंय म्हणाला, आणि एक प्रत मोठ्या अक्षरात करून द्या, माझ्या शेडमध्ये लावतो, दोन नवी पोरं ठेवलीत. "फक्त ते 'कृपया' काढा साहेब. बँकेची नोटीस वाटते."

काढलं.